डावा तळहात

३ मार्च

थ्रीडी मशीनवर पाच जाळ्या छापल्या, त्यातल्या तीन ढासळल्या. प्रयोगशाळेतला एसी म्हणजे नुसती समजूत आहे. मिश्रण गार असलं तरच सुईतून धाग्यासारखं उतरतं, थरावर थर बसतो. खोली जरा तापली की पिठल्यासारखं पसरतं. त्यात आमचं जिलेटीन माशाचं. डुकराचं नको म्हणून सोबत काम करणारी झीनत अडून बसली, गाईचं नको म्हणून मी. सर म्हणाले, "मग तुम्हीच काय ते ठरवा." आम्ही मासा ठरवला. माशाचं सगळ्यांत आधी पातळ होतं हे सोलापूरच्या मार्चमध्ये कळलं. आता सकाळी लवकर येऊन ऊन चढायच्या आत छापून मोकळं व्हायचं. झीनतला विजापूर वेशीतून दोन रिक्षा बदलाव्या लागतात, तरी कुरकुर मीच जास्त करते.

अप्पांना परत ताप. नवीन डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगितलं — दिवाळीत स्कूटरवरून पडले, डाव्या मनगटाच्या वरचं हाड मोडलं, धातूची पट्टी बसवली, पट्टीखाली हाडात पू झाला, दोनदा उघडून खरवडलं, साखर आहेच. इतक्यांदा सांगून झालंय की आता दुसऱ्या कुणाचे वडील असल्यासारखं सांगते. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नर्स आहात का?"

६ मार्च

अव्वाने विचारलं, "तू दिवसभर करतीस तरी काय गं तितं?" चार वर्षांत पहिल्यांदा आईने माझ्या कामाचं विचारलं.

म्हटलं, घर बांधताना परांची लावतात ना, तसं. हाडात खड्डा पडला की त्यात आमची मऊ जाळी बसवायची. जाळीत औषध मिसळलेलं असतं, ते हळूहळू झिरपतं आणि जंतू मारतं. हाडाच्या पेशी जाळीवर चढतात, नवं हाड बांधतात. बांधून झालं की परांची आपोआप विरघळून जाते.

"कशाची करतात?"

"शेवाळातनं काढलेली पूड. आणि माशाचं जिलेटीन."

अव्वाचा हात भाकरीवर थांबला. "अप्पांना सांगू नको," म्हणाली.

११ मार्च

अप्पांचा डावा हात कोपरापर्यंत सुजलाय. बोटं मिटत नाहीत. पण सकाळी पूजेला बसले. उजव्या हाताने गळ्यातला चांदीचा चौका उघडला, त्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवलं, पाणी घातलं, विभूती लावली. डोळे उघडे ठेवून बघत बसले, नेहमीसारखे. हात मांडीवर टेकवला होता. लिंग मात्र हललं नाही.

मग नाश्ता. पूजेआधी पाण्याचा घोट घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जोडभावी पेठेत दुकान होतं तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असायचं, तरी आधी पूजा, मग चहा, मग कुलूप काढायचं. आम्ही त्यावरून त्यांना लई चिडवायचो.

मला दारातून बघताना वाईट वाटायला पाहिजे होतं. मी बसची वेळ बघत होते.

१८ मार्च

जाळी बसवलेल्या सशांचा पहिला गट संपवला. हाड किती भरलं ते बघायचं तर दुसरा मार्ग नाही. जनावरांकडे बघणारा शिपाई मामा काम सोडून गेल्यापासून हे माझ्याकडेच आहे. ससा टॉवेलात गुंडाळायचा, डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताने कानाच्या शिरेत भुलीचं औषध जास्त द्यायचं. त्याला कळत नाही. पहिल्या वर्षी मी घरी येऊन दोनदा आंघोळ करायचे. माझं स्वतःचं इष्टलिंग तेव्हाच गळ्यातून काढून कपाटात ठेवलं. घरात कुणाला माहीत नाही, ओढणी असते.

आता आंघोळ एकदाच. आज तर धरलेला ससा ढिला पडेपर्यंत मी रात्रीच्या भाजीचा विचार करत होते — गवार की दोडका.

२१ मार्च

डॉक्टरांनी फोटो लावून दाखवला. मनगटाच्या हाडांपर्यंत गेलंय. "रक्तातून दिलेलं औषध तिथवर पोचत नाही, आणि जास्त दिलं तर किडन्या जातात. आता हात की माणूस, एवढंच ठरवायचंय."

मी म्हटलं, "कोपराच्या खालून?"

"खालून."

"बरं," मी म्हटलं. बरं! भाजीवाल्याला म्हणावं तसं.

घरी अव्वा मागोमाग स्वयंपाकघरात आली. दार लोटलं. "तुझ्याकडं हाय की ती जाळी. हाडात औषध सोडणारी."

"ती सशांसाठी आहे, अव्वा."

"सशाला चालती आन् माणसाला न्हाई?"

"माशाची आहे."

"कशाची का असंना," ती म्हणाली. "एक आण."

२४ मार्च

सरांना विचारलं. विचारायच्या आधीच उत्तर माहीत होतं, पण अव्वाला सांगता यावं म्हणून विचारलं.

सरांनी खुर्ची ओढून मला बसवलं, म्हणजे नाहीच म्हणणार. माणसात घालायला समिती, परवानग्या, वर्षं. आपला तुकडा नखाएवढा, वडिलांच्या हाडात गेलेला भाग बोटभर. आपल्या जाळीत जे औषध आहे त्याला त्यांचा जंतू दाद देत नाही, हे तर रिपोर्टमध्येच आहे. "भुवनेश्वरी, तू माझ्या जागी असतीस तर?"

मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, खुर्ची ओढली नसती एवढंच. सर चुकीचे असते तर बरं झालं असतं. निदान चिडता आलं असतं.

२५ मार्च

फ्रिजमध्ये एक जाळी उरलीय. काचेच्या ताटलीत, पाण्यात, साबुदाण्यासारखी पारदर्शक. बराच वेळ फ्रिज उघडा ठेवून बघत राहिले. झीनत मागून म्हणाली, "बंद कर गं, सगळं पातळ होईल." बंद केला.

२८ मार्च

अप्पा दवाखान्यात. संध्याकाळी मी एकटीच होते. त्यांनी विचारलं, "अव्वा म्हणत हुती, तुज्या सशांची हाडं भरत्यात म्हणं."

"भरतात."

"मग सोडून देता त्यास्नी?"

खोटं बोलायचं मनात होतं. एवढी वर्षं 'मी मशीनवर असते' म्हणूनच निभावलं. पण खोटं बोलायलाही काहीतरी आतून लागतं, ते आज नव्हतं. सांगितलं — नाही अप्पा, मारावं लागतं. मी मारते.

"किती?"

"चोवीस. ह्या वेळचे."

त्यांनी डोळे मिटले. आयुष्यात त्यांनी अंड्याचा केक घरात येऊ दिला नाही, दुकानात उंदराला पिंजरा लावायचे आणि सकाळी अक्कलकोट रोडला नेऊन सोडायचे. मला वाटलं आता बोलतील. नर्स सलाईन बदलायला आली, मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

२ एप्रिल

ऑपरेशन.

आत नेताना नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. अंगठी काढली, करदोटा काढला. तिने चौक्याला हात लावला तर अप्पांनी उजवी मूठ त्याच्यावर आवळली. नर्स मला म्हणाली, "तुम्ही धरा ना, मुलगीच आहात." मी हात पुढे केला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

बरोबरच आहे. ज्याचं लिंग त्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. लहानपणी मला दीक्षा झाली तेव्हा हे त्यांनीच शिकवलं होतं. पण ते नियमामुळे नाही म्हणाले की सशांमुळे, ते कळलं नाही. विचारणार कसं? डॉक्टरांनी शेवटी चौका निर्जंतुक पट्टीने गळ्यालाच घट्ट बांधू दिला.

दार बंद झालं. अव्वा ओम नमः शिवाय म्हणत राहिली. मी माझ्या पुढे केलेल्या हाताचं काय करावं ते न कळून पर्स उघडली, बंद केली.

३ एप्रिल

वॉर्डबॉयने विचारलं, "हात नेणार काय? न्यायचा असंल तर सही करा, न्हाईतर आमी लावतो इल्हेवाट."

मी सही केली. अप्पांचे चुलतभाऊ चनबसप्पा काका आले होते. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला हात त्यांनी दोन्ही हातांवर घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा. काका, मी आणि रिक्षावाला आमच्या स्मशानात, रुद्रभूमीत गेलो.

आमच्यात माणूस बसवून पुरतात. मांडी घातलेला, लिंग तळहातावर. खड्डा खणणाऱ्याने विचारलं, "हात कसा ठिवायचा?" काका विचारात पडले. असा प्रसंग त्यांच्याही वाट्याला आला नव्हता. मग त्यांनी कापड सोडलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि हात तळवा वर करून ठेवला.

"कपाळावर माती पडायला नको म्हणून आपण आधी झाकतो," काका म्हणाले, "ह्याचं काय झाकायचं?" तळव्यावर त्यांनी स्वतःचा रुमाल टाकला.

अप्पांच्या त्या तळव्यावर मधोमध एक गुळगुळीत जागा आहे. होती. सत्तर वर्षं रोज तिथे लिंग टेकलं. मी ती बघितली आणि माती ढकलली. रडू आलं नाही. रिक्षात काका रडले, मी त्यांना पाणी दिलं.

९ एप्रिल

काही नाही.

१६ एप्रिल

अप्पा घरी आले. दवाखान्यात सलाईन होतं, नंतर आमच्या स्वामींनी फोनवर पूजेशिवाय खायची सूट दिली म्हणून पेज घेत होते. "दवाखान्यापुरती," असं स्वामी म्हणाले होते आणि अप्पांनी ते अक्षरशः घेतलं.

आज आंघोळ झाल्यावर सतरंजीवर बसले. चौका उघडला. लिंग उजव्या हातात घेतलं, आणि थांबले. उजव्यात लिंग, तर पाणी कोण घालणार? गुडघ्यावर ठेवून बघितलं, घरंगळलं. डाव्या कोपराच्या पट्टीवर ठेवायला गेले आणि कळवळले. मग परत चौक्यात ठेवलं, बंद केलं.

अव्वाने भाकरी आणि मुगाची आमटी आणली.

"ब्याड," अप्पा म्हणाले. नको.

२२ एप्रिल

स्वामी घरी येऊन गेले. भले गृहस्थ. म्हणाले, अडचणीत सगळं चालतं, पाटासारखं लहान पीठ घ्या, त्यावर ठेवा आणि पूजा करा. अव्वा लगेच बाजारातून लाकडी पीठ घेऊन आली.

अप्पांनी ते बाजूला सरकवलं. "पीठावर ठिवायचं तर गळ्यात कशाला बांधलं? देवळातच गेलो असतो की."

स्वामींनी हसून हात जोडले. त्यांना घरी जायचं होतं. आम्हाला इथेच राहायचं आहे.

गोळ्यांसोबत दूध घेतात, तेही अव्वा रडायला लागली की. एरवी म्हणतात, भूक नाही. हट्ट करतायत असं वाटत नाही. खरंच नसावी. मला कळतं ते, मलाही नाही. फरक एवढाच की मी जेवते.

२९ एप्रिल

अप्पांची साखर एकदम उतरली. बोलता बोलता मान खाली, घामाने ओलेचिंब. शेजारच्या संगमेशने गाडी काढली. डॉक्टर मला ओरडले. "इन्सुलिन चालू आणि पोटात अन्न नाही? तुम्ही शिकलेल्या ना? जखम भरत नाहीय, दिसत नाही का? असंच चाललं तर हात कापून काय मिळवलं आपण?"

साखरेचं पाणी पाजून घरी आणलं. वाटेत अप्पा म्हणाले, "तुला सुट्टी पडली असंल उगीच."

६ मे

शेवटचा गट संपला. फोटो आले. जाळी बसवलेल्या सगळ्या सशांत खड्डा भरलाय, दोघांत तर कुठे खड्डा होता ते शोधावं लागतं. जंतूंचा मागमूस नाही. सरांनी पेढे मागवले, डोळे पुसले, त्यांची सात वर्षं यात गेली. मला म्हणाले, "निम्मं श्रेय तुझं." मी पेढा तोंडात टाकला. गोड होता, एवढं कळलं.

झीनत मला जिन्यात घेऊन गेली. "क्या हुआ तेरे को? कळतंय मला, पण बोल की."

म्हटलं, "मला काहीच वाटत नाहीय गं. अप्पा जातील असं वाटतं आणि त्याचंही काही वाटत नाही. दाढ काढताना सुई देतात ना, तसं सगळं."

माझा डावा हात हातात घेऊन बसली. मग एकदम म्हणाली, "पूजेला नेमकं काय लागतं त्यांना? तळहातच ना?"

९ मे

प्लॅस्टिक छापायचं जुनं मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं. झीनतने झटकलं. हाताचं माप हवं होतं. अप्पांच्या हाताचं माप आता कुठून आणणार? तिने माझाच डावा हात मोबाईलवर सगळ्या बाजूंनी टिपला, पंजा जरा मोठा केला, तळव्याला खोलगट ठेवलं. दिवसभर मशीन खरखरत होतं. ह्याला उन्हाची भीती नाही, ढासळत नाही. झीनतने कडा घासून दिल्या. "मेरे अब्बू असते तर मी पण केलं असतं," म्हणाली.

प्लॅस्टिकचा पांढरा हात. माझ्या रेषासुद्धा उमटल्यात.

१३ मे

अप्पांना हात दिला. अंगठ्याने त्यांनी तो सगळा चाचपला, तळवा, बोटं, रेषा. दुकानात नवीन माल आला की बघायचे तसं.

"कुणाचा हाय?"

"माझाच. माझ्या हातावरून केलाय."

"चांगला केलास," ते म्हणाले. "पर ह्याला पाणी घातलेलं कळायचं न्हाई गं." आणि उशीशेजारी ठेवला. परत दिला नाही, वापरलाही नाही.

झीनतला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आवाज उतरला होता. अव्वाने ताट झाकून ठेवलं. मी भांडी घासली.

१४ मे

सकाळी अप्पांनी हाक मारली. सतरंजीवर बसले होते, समोर पाणी, विभूती, बेल. प्लॅस्टिकचा हात बाजूला.

"भुवी, आंगूळ झाली का?"

"झाली."

"मग बस हितं. डावा हात पुढं कर."

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर हात पाठीमागे घेतला. म्हटलं, "अप्पा, सांगितलं होतं ना तुम्हाला. ससे ह्याच हातांनी—"

"सुई कुठल्या हातानं देतीस?"

"उजव्या."

"आन् डाव्यानं?"

"डाव्याने धरते. हलू नये म्हणून."

"मग त्योच दे की. मला धरणारा हात पायजे."

त्यांनी चौका उघडला आणि लिंग माझ्या तळव्यावर ठेवलं. छातीवरचं होतं, ऊबदार. वाटलं होतं त्याहून जड. मग पाणी घातलं, गार, बोटांमधून सतरंजीवर गळायला लागलं. माझा हात कापू लागला, मग खांदा, मग मी सगळीच. नाक वाहत होतं, पुसायला उजवा हात उचलायचं भान नव्हतं.

"हलू नको," अप्पा म्हणाले. "अजून बेल व्हायचाय."

आत अव्वाने भाकरी थापायला घेतली.